हृदयाचे पासबुक

नोव्हेंबर २०१६ हा महिना ज्याने बँकेच्या काउंटरमागे काढला, त्याला त्यातल्या तारखा विसरता येत नाहीत. आठ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून गेल्या, नऊला बँका बंद राहिल्या आणि दहाच्या सकाळी आम्ही शाखेचे शटर गुडघ्याइतके वर केले, तेव्हा बाहेरची रांग पोस्टाला वळसा घालून पुढे गेली होती. मी त्या शाखेचा मॅनेजर. अकरा तारखेच्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास, नोटा मोजायच्या यंत्राच्या खडखडाटात माझा फोन वाजला. हॉस्पिटलातून वहिनी बोलत होत्या.

‘‘भावोजी, तपासणी झाली. बावन्न आलंय म्हणतात. बावन्न म्हणजे बरं का हो?’’

मला सांगता येईना. सहा आठवड्यांपूर्वी हाच आकडा चौसष्ट होता, एवढेच ठाऊक होते. समोर एक आजोबा कापडी पिशवी छातीशी धरून उभे होते. ‘‘संध्याकाळी बोलू’’ असे म्हणून मी फोन ठेवला आणि पुन्हा मोजायला लागलो. त्या दिवशी मी हिच्याजवळ असायला हवे होते. मी इथे लोकांच्या नोटा मोजत होतो आणि तिकडे परकी माणसे हिच्या हृदयातले रक्त मोजत होती.

पुढे सवड मिळाली तेव्हा ही मोजणी म्हणजे नेमके काय, ते मी नेटाने वाचून काढले. वहिनींचा प्रश्न आज ना उद्या बहुतेक घरांत विचारला जातो. हृदयाच्या तपासणीचा कागद हातात येतो, त्यावर ‘ई.एफ.’ या दोन अक्षरांपुढे एक टक्केवारी असते आणि सारे घर त्या टक्केवारीकडे मुलाच्या निकालाकडे बघावे तसे बघू लागते. पस्तीसला पास की काय, असेही कोणी विचारते.

हिला त्या वर्षीच्या गणपतीनंतर स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायची ठरली. त्या औषधांत एक लाल रंगाचे औषध होते, अ‍ॅड्रियामायसिन. इटलीच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघाले आणि शेजारच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे नाव पडले. गेली पन्नास वर्षे ते कर्करोगाविरुद्धच्या प्रभावी औषधांत गणले जाते. पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते, हेही डॉक्टरांना जवळजवळ तेवढीच वर्षे ठाऊक आहे. इजा एकूण मात्रेवर अवलंबून असते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम मात्रा झालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के, ५५० झालेल्यांपैकी ७ टक्के, तर ७०० झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांचे हृदय निकामी होऊ लागल्याचे आढळले. म्हणून या औषधाचा हिशेब आयुष्यभराचा ठेवतात. हिला रक्तदाबाचा जुना त्रास. त्यामुळे मात्रा कमी असली तरी आपण मधूनमधून हृदय मोजत राहू, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

मोजायच्या या पद्धतीला ‘मुगा स्कॅन’ म्हणतात. हे लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. ते ऐकल्यावर ही म्हणाली होती, ‘‘मुगा सिल्कची साडी मागून मागून तीस वर्षं झाली. शेवटी हा मुगा मिळाला!’’

आता, जिवंत माणसाच्या छातीत दर ठोक्याला किती रक्त उसळते, हे बाहेरून मोजायचे कसे? हा प्रश्न जुना आहे आणि त्याची पहिली उकल एखाद्या ऑडिटरला शोभेल अशी आहे. १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रक्त यकृतात तयार होते आणि शरीरभर जाऊन खर्ची पडते, असे तोवर मानत. हार्वेने हिशेब मांडला. दर ठोक्याला हृदयातून अगदी थोडे, मुद्दाम कमीत कमी धरलेले रक्त बाहेर पडते असे समजू. अर्ध्या तासात हजारावर ठोके पडतात. गुणाकार केला तर अर्ध्या तासातच सबंध शरीरातल्या रक्ताहून अधिक रक्त हृदयातून गेलेले असते. इतके रक्त रोज तयार होणार कुठून आणि जाणार कुठे? अर्थात तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे. खात्यात शिल्लक थोडी आणि उलाढाल प्रचंड दिसली की तोच पैसा फिरतो आहे, हे आम्ही ओळखतो. हार्वेने शरीराच्या बाबतीत ते ओळखले. आजच्या मोजणीने सांगायचे, तर निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे ढकलते. दिवसाचे होतात सात हजार लिटर. आणि शरीरात रक्त असते सुमारे पाच लिटर!

हार्वेचा हिशेब अंदाजाचा होता. नक्की आकडा हवा तर काय करावे? हौदात किती पाणी आहे हे उपसल्याशिवाय सांगायचे असेल, तर त्यात वजन केलेले मीठ विरघळवावे आणि पेलाभर पाण्यात किती खारटपणा आला ते पाहावे. वाहत्या पाण्यालाही हीच युक्ती लागू पडते. वरच्या अंगाला ठरावीक मीठ सोडायचे आणि खालच्या अंगाला ते किती पातळ होऊन, किती वेळात येते ते बघायचे. १८९७ मध्ये जॉर्ज स्टुअर्ट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडून हृदयाचा प्रवाह या रीतीने मोजला. पुढे मिठाच्या जागी रंगद्रव्य आले. पण प्रत्येक वेळी पुन्हा रक्त काढून तपासणे आलेच. मिसळलेल्या वस्तूने आतूनच ‘मी इथे आहे’ अशी हाक दिली, तर रक्त काढण्याची गरजच उरणार नाही. किरणोत्सर्गी पदार्थ नेमके हेच करतात. त्यांतून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात आणि बाहेर ते मोजता येतात.

ही हाक पहिल्यांदा ऐकली ती अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, १९२० च्या दशकाच्या मध्याला. हर्मन ब्लुमगार्ट नावाच्या तरुण डॉक्टरने रेडियमपासून मिळणारा अत्यल्प किरणोत्सर्गी पदार्थ एका दंडाच्या शिरेत टोचला आणि तो दुसऱ्या हातात केव्हा पोहोचतो, ते उपकरणाने टिपले. निरोगी माणसात हा हातापासून हातापर्यंतचा प्रवास, हृदय आणि फुप्फुसे पार करून, सरासरी १८ सेकंदांचा निघाला. हृदय थकलेले असेल तर वेळ अधिक लागतो, हेही त्याच्या लक्षात आले. ही वेगाची मोजणी झाली. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिन्झमेटल यांनी किरणोत्सर्गी सोडियम टोचून छातीवर गायगर काउंटर धरला. कागदावर दोन टेकड्यांची रेघ उमटली. पहिली टेकडी रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून जातानाची आणि दुसरी ते फुप्फुसांतून परतून डाव्या बाजूतून जातानाची.

तरी हे पदार्थ रोजच्या वापराला सोयीचे नव्हते. सोयीचे निघाले ते टेक्नेशियम. या मूलद्रव्याची कथा वेगळीच आहे. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्रेचाळीसावी जागा कित्येक वर्षे रिकामी होती. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधली मॉलिब्डेनम धातूची एक वापरलेली पट्टी इटलीत पालेर्मोला एमिलिओ सेग्रे यांच्याकडे आली. त्यांनी आणि कार्लो पेरिए यांनी त्या पट्टीत ते त्रेचाळीसावे मूलद्रव्य शोधून काढले. माणसाने कृत्रिम रीतीने घडवलेले हे पहिले मूलद्रव्य. म्हणून ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव टेक्नेशियम.

याच्या एका प्रकाराचे, टेक्नेशियम-९९एमचे, आयुष्य मोठे सोयीचे आहे. दर सहा तासांनी ते निम्मे होते. सहा तासांत अर्धे, बारा तासांत पाव, चोवीस तासांत सोळावा हिस्सा. ही शाळेत गणित शिकवत असे. हे ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे तुमच्या चक्रवाढ व्याजाच्या उलट. एफडी आपोआप संपत जाते.’’ तपासणीपुरते टिकायचे आणि मग मुक्काम हलवायचा, असा हा पाहुणा.

पण सहा तासांत निम्मी होणारी वस्तू दूरच्या कारखान्यातून आणायची कशी? यावर १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तोड निघाली. तिथल्या लोकांनी टेक्नेशियम न पाठवता त्याची ‘आई’ पाठवायची ठरवले. मॉलिब्डेनम-९९ हे ६६ तासांत निम्मे होते आणि होता होता टेक्नेशियम देत राहते. ते एका नळीत भरून, शिशाच्या आवरणात बंद करून हॉस्पिटलला पाठवायचे. रोज सकाळी नळीतून मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम धुऊन बाहेर येते, मॉलिब्डेनम आतच राहते. या कामाला त्या खात्यातले लोक ‘दूध काढणे’च म्हणतात आणि नळीला गाय. आठवडाभर ही गाय दूध देते. मात्र चारा येतो तो अणुभट्टीतून, आणि अशा भट्ट्या जगात मोजक्या. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी दुरुस्तीसाठी बंद पडली ती ऑगस्ट २०१० पर्यंत. तेवढ्यात अनेक देशांतल्या हॉस्पिटलांना टेक्नेशियमची टंचाई जाणवली आणि तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

आपल्याकडेही याची पाळेमुळे आहेत. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ मध्ये मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. अणू म्हटला की आपल्याला बॉम्ब नाही तर वीज आठवते. गिरणगावाच्या ऐन मध्यात बसून इतकी वर्षे त्याच अणूने रोगी तपासले, हे आपल्या गावीही नसते.

दोन डिसेंबरला तिसऱ्या तपासणीला मात्र मी रजा टाकून हिच्याबरोबर गेलो. आधी शिरेतून कथलाच्या संयुगाचे इंजेक्शन दिले. वीसेक मिनिटांनी टेक्नेशियम. कथील आधी लाल पेशींत जाऊन बसते आणि त्यामुळे मागून आलेले टेक्नेशियम पेशीतच अडकून राहते, असे तिथल्या टेक्निशियन मुलाने समजावले. ‘‘म्हणजे आधी आतून कल्हई करता,’’ ही म्हणाली. कल्हई हा शब्द त्या मुलाने बहुधा ऐकला नसावा. तो नुसता हसला.

मग हिला अरुंद टेबलावर निजवले, छातीला ईसीजीच्या तारा लावल्या आणि गॅमा कॅमेऱ्याचे जड डोके छातीजवळ आणले. मी काचेपलीकडे पडद्याजवळ उभा राहिलो. एका ठोक्यात येणारे किरण इतके थोडे असतात, की त्यातून चित्र काही उमटत नाही. म्हणून यंत्र प्रत्येक ठोक्याचे चोवीस समान तुकडे करते. ईसीजीवरून ठोका केव्हा सुरू झाला ते कळते. पहिल्या तुकड्यातले किरण पहिल्या खणात, दुसऱ्यातले दुसऱ्या खणात. पुढच्या ठोक्याचेही तसेच. असे शेकडो ठोके. क्लिअरिंगचे चेक आम्ही पूर्वी बँकवार लाकडी खणांत टाकत असू, त्याची मला आठवण झाली. अवेळी पडलेला ठोका यंत्र सही न जुळलेल्या चेकसारखा परत करते. दहा-बारा मिनिटांत खण भरतात आणि चोवीस चित्रे ओळीने दाखवली की पडद्यावर एक हृदय आकसते, फुगते, आकसते. १९७१ मध्ये अमेरिकेत स्ट्रॉस, झॅरेट, पिट प्रभृतींनी ही रीत प्रथम वापरली तेव्हा दोनच चित्रे घेत, हृदय पुरते भरलेले असतानाचे आणि पुरते आकसलेले असतानाचे. संगणकाने मधली सारी चित्रे भरून काढली.

या रीतीतली खरी खुबी हिशेबाची आहे. टेक्नेशियम रक्तात सर्वत्र सारखे मिसळलेले असते. म्हणून डाव्या खालच्या कप्प्यातून जितके किरण, त्या प्रमाणात तिथे रक्त. कप्प्याचा आकार वाकडा असो की सरळ, लांबीरुंदी मोजायची गरज नाही. भरलेल्या वेळची गणती, त्यातून आकसल्या वेळची वजा, आणि पहिलीने भागायचे. समजा, भरलेल्या कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त होते आणि आकसल्यावर ५० उरले, तर ७० बाहेर गेले, म्हणजे ५८ टक्के. हाच तो ई.एफ. शंभर टक्के कधीच नसतो. साधारण ५० ते ७० हे निरोगी मानतात. चांगले हृदयही दर वेळी खात्यात निम्म्याच्या आतबाहेर शिल्लक ठेवतेच.

मी हे हिला समजावून सांगितले, तेव्हा तिने गणिताच्या बाईचा प्रश्न विचारला, ‘‘टक्के म्हणजे कशाचे टक्के?’’ प्रश्न बरोबर होता. १२० चे साठ टक्के म्हणजे ७२. थकून, ताणून मोठ्या झालेल्या हृदयात २४० मावत असतील तर त्याचे तीस टक्केही ७२. बाहेर गेलेले रक्त तेवढेच. मिनिटाची उलाढाल बघणाऱ्याला दोन्ही खाती सारखी वाटतील. पण दुसऱ्या हृदयाने तीच रक्कम द्यायला दुप्पट ठेव अडकवून ठेवली आहे. नुसते किती रक्त बाहेर पडते ते पाहून चालत नाही, ते कशातून पडते हेही पाहावे लागते.

आता त्या बावन्नकडे येतो. अकरा नोव्हेंबरला रात्री साडेनऊला घरी पोहोचलो तेव्हा ही जागी होती. ‘‘अहो, बारा गुण गेले,’’ एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही बँक उघडी होती. डॉक्टरांशी मी फोनवर बोललो. ते म्हणाले, ‘‘दोन-चार गुणांचा फरक मोजणीतलाच असतो, त्याला मी महत्त्व देत नाही. बारा हा खरा फरक आहे. दहा गुणांहून अधिक उतरले आणि पन्नासच्या खाली गेले, तर आम्ही हे औषध थांबवतो. यांची एक अट पुरी झाली, दुसरी नाही.’’ नियमात बसत नाही आणि नाकारताही येत नाही, असे अर्ज मी आयुष्यभर पाहिले होते. पण ते दुसऱ्यांचे. डॉक्टरांनी विचारून, हिच्याशी बोलून, तिसरा डोस द्यायचे ठरवले आणि चौथ्याआधी पुन्हा मोजू म्हणाले. गाठ औषधाला दाद देत होती, हे दुसऱ्या पारड्यात होते.

दोन डिसेंबरचा आकडा आला सेहेचाळीस.

चौथा डोस दिला नाही. औषध बदलले, हृदयासाठी गोळ्या सुरू झाल्या, पुढे शस्त्रक्रिया झाली. तिसरा डोस द्यायला हवा होता का, चौथा न दिल्याने काही राहून गेले का, याची उत्तरे कोणत्याही कॅमेऱ्यापाशी नाहीत. पण हिला त्या दिवशी दम लागत नव्हता, पायावर सूज नव्हती. बोलत होती, हसत होती. मोजले नसते तर चौथा डोस गेला असता, हे नक्की.

जून २०१७ च्या तपासणीत आकडा पंचावन्नवर आला. आता हिची दरवर्षी सोनोग्राफीच्या तत्त्वावरची एको तपासणी होते. तीत किरणोत्सर्ग नाही, झडपाही दिसतात, आणि आजकाल बहुतेक ठिकाणी तीच आधी करतात, एमआरआयही आहे. मुगा पूर्वीइतका होत नाही. त्याच्या एका तपासणीत शरीराला साधारण दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतकी मात्रा मिळते, तेव्हा तो कारणाशिवाय करू नये हे खरेच. पण पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीची भरवशाने तुलना करायची असते, तेव्हा अजूनही त्याची आठवण होते.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येते. बावन्न म्हणजे बरे की वाईट, हे बावन्नकडे बघून सांगता येत नाही. एखाद्याचे अठ्ठेचाळीसवरून बावन्न झाले असेल, तर त्या घरी पेढे वाटावेत. चौसष्टवरून झाले असेल, तर डॉक्टरांना गाठावे. पासबुकातली शेवटची ओळ वाचून खातेदाराची स्थिती कळत नाही, वरच्या ओळीही वाचाव्या लागतात. म्हणून वाचकांना एकच विनंती. घरातल्या माणसाच्या हृदयाचा पहिला कागद, सगळे ठीक असतानाचा, टाकून देऊ नका. त्याची किंमत पुढे कळते.

हिचे सगळे कागद बँकेच्या एका जुन्या प्लास्टिकच्या पाकिटात तारखेप्रमाणे लावलेले आहेत. ते मीच लावले. त्यात ११ नोव्हेंबर २०१६ चा कागद हाताला लागला की मी अजून थोडा थांबतो. या वर्षीचा एको मागच्या महिन्यात झाला. मी बाहेर बाकावर बसून होतो. आता प्रत्येक वेळी असतो. ही कागद घेऊन आली, चष्मा वर करून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

‘‘छप्पन्न. लावा पाकिटात,’’ म्हणाली, ‘‘आणि चला, समोर चहा घेऊ.’’